दोन पहारेकरी आणि एक कॉम्प्युटर

मी अठरा वर्षांची असताना समाजातली दोनशे अकरा उपवर मुलंमुली माझ्या ताब्यात होती. त्यांची उंची, रास, शिक्षण, मामाचं गाव, केळीखाली जमीन किती आणि कपाशीखाली किती, सगळं मला तोंडपाठ होतं. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या चौकात एखादा मुलगा स्कूटरवरून रुबाबात जाताना दिसला की मला हसू आवरायचं नाही. हा बारावीला दोनदा बसलाय आणि अपेक्षेच्या रकान्यात 'मुलगी गोरी व किमान पदवीधर' असं लिहून आलाय, हे त्याच्या मित्रांना नसलं तरी मला ठाऊक असे. आमच्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका आखाजीच्या मेळाव्यात निघायची होती आणि ती घरच्या कॉम्प्युटरवर जुळवायचं काम माझ्याकडे आलं होतं. आखाजी म्हणजे अक्षयतृतीया. आमच्याकडे त्या दिवसांत सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, घरोघरी मांडे होतात. त्यामुळे मेळाव्याला वेगळी गर्दी जमवावी लागत नाही.

काम मात्र सुखासुखी मिळालं नव्हतं. पुस्तिकेचे सर्वेसर्वा आमचे फुवा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ते इच्छापुरला एका शाळेत हेडमास्तर होते आणि घरातही हेडमास्तरच असायचे. समोरच्याच्या वाक्यातली चूक आधी दुरुस्त करायची आणि मग उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत. आदल्या वर्षीची पुस्तिका छापखान्यातच जुळवली होती आणि तिथं दोन मुलांचे फोटो एकमेकांच्या जागी गेले. मुलगा बघायला गेलेली मंडळी भलत्याच मुलाला बघून चहा न घेता परत आली. त्याचा बोभाटा झाला तेव्हा माझे वडील, अण्णा, जे फुवांसमोर कधी तोंड उघडत नसत, ते एकदम म्हणाले, "पाहुणे, आमच्या नीमाला देऊन बघा. ती दिवसभर त्या डब्यापुढंच बसेल राहते."

 फुवा म्हणाले, "देतो. पण शेवटचं पान, दोनशे बारावं, ते हिच्यासाठी. बारावी झाली ना आता? मग हिचाही परिचय यातच येऊन जाऊ दे."

 मला जळगावला जायचं होतं, कॉम्प्युटरच्या पदवीला. फॉर्म कपाटातल्या साड्यांच्या घडीत ठेवलेला होता आणि अण्णांनी त्याला 'पाहू' एवढंच म्हटलं होतं. त्या दिवशी फुवा गेल्यावर मी रडारड केली, तेव्हा अण्णा पायांना तेल चोळत म्हणाले, "पुस्तिका वेळेवर अन् बिनचूक निघाली, तर जळगाव. नाही निघाली, तर तुझं पान तूच टाइप कर." अण्णा रोज रेल्वेनं जाऊन-येऊन कागद कारखान्यात मशीनवर काम करत. मशीनवरचा माणूस बोलतो कमी आणि एकदा बोलला की ते पक्कं असतं. म्हणजे पुस्तिका बिघडली तर मी स्वतःच्या हातानं स्वतःची उंची, रंग आणि रास लिहून त्या दोनशे अकरांच्या रांगेत जाऊन उभी राहणार होते.

कॉम्प्युटर अण्णांच्या कारखान्यातल्या एका साहेबांचा होता. त्यांची बदली झाली तेव्हा अण्णांनी तो घरी आणला, रेल्वेच्या डब्यात सीटवर त्याला बसवून आणि स्वतः उभं राहून. मधल्या खोलीत, कुलरचा वारा लागेल आणि स्वयंपाकघरातून आईला दिसेल अशा जागी तो ठेवला होता. आईनं त्याला जुन्या पडद्याची फुलाफुलांची खोळ शिवली होती. तो सुरू होताना आत काहीतरी किरकिरायचं, मग पंखा घुं करायचा, मग स्पीकरमधून ते चार सुरांचं स्वागत वाजायचं, आणि मला दर वेळी, अगदी दर वेळी, आता काहीतरी घडणार असं वाटायचं. आजही ऑफिसात मशीन सुरू करताना माझी पाठ आपोआप ताठ होते. सोबतची मुलं हसतात. हसू देत.

बायोडाटे गावोगावहून फ्लॉप्यांवर यायचे. आजच्या मुलांना फ्लॉपी सांगायची म्हणजे पंचाईतच. तळहाताएवढी चौकोनी चपटी डबी, जिच्यात एक फोटोसुद्धा धड मावायचा नाही. जसोंडीची फ्लॉपी केळीच्या ट्रकवाल्याबरोबर यायची. देडतलाईची रघुनाथ टेलर स्वतः घेऊन यायचे. ते तिथल्या बाजारात कपडे शिवायचे, समाजाच्या कामाला फार तळमळीचे. गावातले बायोडाटे गोळा करायचे, टायपिंगच्या दुकानात बसून लिहवून घ्यायचे आणि फ्लॉपी ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून, डब्यात घालून आणायचे. उन्हानं वितळेल अशी त्यांना भीती. सगळ्या मिळून एकोणीस फ्लॉप्या जमल्या. त्यातली एक फुवांची, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरून आलेली, वर लाल शाईत सुरेख अक्षरात 'इच्छापुर – तपासलेली' असं लिहिलेली.

दोनशेच्या आसपास पोचले आणि कॉम्प्युटर बिघडायला लागला. मी कुठलीही फाइल नुसती उघडून बंद केली तरी तो विचारायचा, बदल जपून ठेवू का? मी तर काही बदललंच नसायचं. मग फाइली फुगायला लागल्या. एक दिवस जसोंडीच्या एका मुलीचा बायोडाटा उघडला तर तिचं शिक्षण गायब आणि तिथं नुसते चौकोन. मी किंचाळले. आई हातातलं लाटणं घेऊनच आली.

संजूमामाला निरोप गेला. हा आईचा धाकटा भाऊ, बुऱ्हाणपुरातच कॉम्प्युटरची शिकवणी चालवायचा आणि माझ्या जळगावला जाण्याच्या बाजूनं घरात उघड बोलणारा तो एकटाच. आला, बसला, दोन कळा दाबल्या आणि म्हणाला, "व्हायरस आहे. टेन्शन मत ले. माझ्याकडे एकदम बढिया अँटिव्हायरस आहे, फायरवॉलसकट. क्लासमध्ये सगळ्या मशीनवर हाच टाकेल आहे मी."

मी विचारलं, दोन्हींत फरक काय? मामानं ते जसं सांगितलं तसं मी आजही लोकांना सांगते. अँटिव्हायरस म्हणजे घरात जे येऊन बसलंय त्याची झडती घेणारा. त्याच्याकडे चोरांची यादी असते, ती ताजी ठेवावी लागते. फायरवॉल म्हणजे दारावरचा माणूस. फोनच्या तारेतून इंटरनेट जोडलं की कोण आत येतंय आणि मुख्य म्हणजे आतून कोण बाहेर पळतंय, ते बघतो आणि मालकाला विचारतो, जाऊ देऊ का?

हा दारावरचा माणूस आईला फार आवडला. फोन जोडून तो चुंयचुंय आवाज झाला रे झाला की पडद्यावर चौकट यायची, अमुक कार्यक्रमाला बाहेर जायचं आहे, परवानगी? आई कणकेचे हात तसेच धरून माझ्या मागे उभी राहायची. "कोणाचा आहे तो?" मी वाचून सांगायचे. "आपण बोलावेल आहे का त्याला?" नाही. "नाव-गाव सांगू राहिला का?" नाही. "मग नको म्हण. आपल्या घरात राहून परस्पर बाहेर कुठं जातो तो?" आईला इंग्रजीतलं अक्षर येत नव्हतं, पण मी आजपर्यंत जेवढी माणसं या कामात बघितली, त्यांत इतक्या झटपट आणि इतक्या बरोबर 'नको' म्हणणारं कोणी बघितलं नाही. मला तर ते सगळं इतकं आवडायला लागलं होतं की मी पुस्तिकेचं काम सोडून दर तासाला फोन जोडायचे, आता कोण येतंय बघायला. फोन सारखा अडकलेला म्हणून आत्या दोनदा इच्छापुरहून घाबरून आली.

आत्याकडून फुवांना कळलं. आणि दुसऱ्याच दिवशी फुवा हजर, हातात निळी डबी. "शाळेच्या कॉम्प्युटरला जे बसवतात तेच आणलंय. एक जास्तीचं होतं. त्या शिकवणीवाल्याचं काय घेता? हे बसव." ते समोर बसले, मी बसवलं. मामाचा काढायचा होता, पण तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "नीमा, जरा इकडं ये."

स्वयंपाकघरात ती हळू आवाजात म्हणाली, "मामाचा काढू नको."

"अगं, पण दोन..."

"मामाचा काढला तर तो म्हणेल, ताईच्या घरी माझी काही किंमत नाही. फुवांचा नाही ठेवला तर तुझ्या आत्याला तिथं वर्षभर ऐकावं लागेल. जावई अन् मामा, दोघांचा मान ठेवायचा असतो. लग्नात दोघांना टॉवेल-टोपी देतो का नाही? दोन्ही राहू दे. एकाऐवजी दोन पहारेकरी, चांगलंच आहे."

मला ते पटलं, हे आज सांगायला लाज वाटते. आमच्याकडे कुठलीही गोष्ट याच हिशेबानं चालायची. लग्नपत्रिकेत कोणाचं नाव वर, पंगतीत कोणाचा पाट आधी, सगळं असंच. मग कॉम्प्युटर तरी वेगळा कशाला? मी दोन्ही ठेवले.

त्यानंतर कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागायला लागला की आई कुकर लावायची, तीन शिट्ट्या व्हायच्या आणि तरी ते चार सूर वाजायचे नाहीत. दोन पहारेकरी चोराला पकडायचं सोडून एकमेकांच्या मानगुटीवर बसले होते. मामाचा एक फाइल तपासायला उचलायचा, तेवढ्यात फुवांचा म्हणायचा, हा कोण माझ्या घरातल्या वस्तू उचलतोय? फुवांच्यानं पकडून कोंडून ठेवलेली फाइल मामाच्याला सापडायची आणि तो घंटी वाजवायचा. या ओढाताणीत एका दुपारी त्रेचाळीस बायोडाटे उघडेनासे झाले. त्रेचाळीस! गुरुवारी सगळं जळगावच्या छापखान्यात द्यायचं होतं आणि त्या दिवशी शुक्रवार होता.

तरीही खरं सांगू? भीती होती, पण भीतीच्या वर काहीतरी उसळत होतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असा प्रश्न आला होता ज्याचं उत्तर घरात कोणालाच येत नव्हतं, आणि ते शोधायला मीच होते. शनिवारी सकाळी मी वही घेऊन बसले. आधी दोन्ही काढले. मग एकेक बसवून बघितला. सुरू व्हायला किती वेळ, मशीन किती जड होतं, यादी कधीची आहे, ताजी होते का, आणि पकडतो का. मामाच्याची यादी फार जुनी निघाली. एकोणिसाच्या एकोणीस फ्लॉप्या त्यानं 'स्वच्छ' म्हणून सोडल्या. मग फुवांचा बसवला. अठरा फ्लॉप्या त्यानंही सोडल्या. एकोणिसावी घातली आणि पडदा लालभडक झाला, स्पीकर कर्कश वाजला. मी फ्लॉपी बाहेर काढून बघितली. 'इच्छापुर – तपासलेली.'

मी ती घाईघाईनं गादीखाली सरकवली. जावयानं घरात रोग आणला असं कोण बोलणार? मी तर नक्कीच नाही. दोनशे बारावं पान ज्यांच्या शब्दावर अवलंबून, त्यांच्याबद्दल. पण फुवांचाच अँटिव्हायरस चांगला होता, हेही तितकंच खरं. मी युक्ती काढली. ती लागण झालेली फाइल एका कोऱ्या, बिननावाच्या फ्लॉपीवर उतरवून घेतली. रविवारी दोघांना जेवायला बोलवायचं, दोघांसमोर परीक्षा घ्यायची. म्हणजे निवड मशीननं केली असं दिसेल, मी कोणाचा मान कमी केला नाही, आणि फ्लॉपी कोणाची हे कोणाला कळणार नाही. मला माझ्या हुशारीचा फार अभिमान वाटला.

रविवारी आईनं मांडे केले. चुलीवर खापर उपडं घातलेलं, आणि ती हातावर पुरणाचा मांडा फिरवत फिरवत रुमालाएवढा करायची आणि खापरावर अलगद सोडायची. त्याचा वास आणि सोबत रसाची पातेली. जावई येणार म्हणून वेगळा पाट, चांदीची वाटी. फुवा आले, मामा आला. आणि त्याच वेळी शेवटचे दोन फोटो द्यायला रघुनाथ टेलरही घाम पुसत आले. आई म्हणाली, जेवूनच जा. शेजारच्या दोघी-तिघी बायका मुलांना कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. नीमाच्या कॉम्प्युटरवर काहीतरी आहे, एवढंच त्यांना कळलेलं.

पहिला मामाचा. मी फ्लॉपी घातली. पट्टी हळूहळू भरत गेली. सगळे असे बघत होते, जणू दहावीचा निकाल लागतोय. पट्टी पूर्ण भरली. काहीही सापडलं नाही.

"म्हणजे फ्लॉपी साफ आहे," मामा म्हणाला. "बोललो होतो ना?"

"आता दुसरा," मी म्हणाले.  मामाचा काढला, फुवांचा बसवला, मशीन पुन्हा सुरू केलं. मध्ये लाइट गेली, यूपीएस बीप बीप करायला लागला, सगळे "अरे अरे" म्हणून ओरडले, आणि लाइट आली. फ्लॉपी घातली. पट्टी अर्धीही झाली नाही तोच पडदा लाल. दारातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मामाचा चेहरा पडला. "माझी यादी पुरानी झाली असेल," तो पुटपुटला. मला फार वाईट वाटलं. मी पटकन म्हणाले, "मामा, फायरवॉल तुझीच ठेवणार आहे. फुवांच्यात ती नाहीच. झडती फुवांची, दार तुझं." फायरवॉल वेगळी ठेवता येत होती, ते मी आदल्या दिवशीच करून बघितलं होतं. मामा हसला, पण मनातून नाही. पुढचे तीन महिने तो आमच्याकडे फक्त निरोप असला तरच आला.

फुवा मात्र फुलले होते. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "पाहिलंत? आता सांग पोरी, ही फ्लॉपी कोणाची?"

मी या प्रश्नाचा विचारच केला नव्हता. सगळी परीक्षा आखली, आणि हे विसरले की परीक्षेनंतर हेडमास्तर कॉपी कोणी केली हे विचारणारच.

"ते... लक्षात नाही."

"असं कसं लक्षात नाही? समाजाच्या कामात कोणी घाण पाठवतो अन् आपण सोडून देतो? नाव समजलंच पाहिजे." त्यांची नजर खोलीतून फिरली आणि रघुनाथ टेलरांवर थांबली. "देडतलाईची असेल. टायपिंगच्या दुकानात शंभर लोकांच्या फ्लॉप्या घालतात, तिथून आणता ना तुम्ही? पुढच्या वर्षी देडतलाईचं काम दुसऱ्याकडं देऊ."

रघुनाथ टेलर उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "असेल बाप्पा माझीच. मला त्यातलं काय समजते? मी तर डब्यात घालून आणली होती, ऊन लागू नये म्हणून. माफी करा."

मला जळगाव दिसत होतं. खरंच दिसत होतं, न बघितलेलं कॉलेज, पांढरी इमारत, ओळीनं मांडलेली मशीनं. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. आणि समोर एक माणूस न केलेल्या चुकीबद्दल हात जोडून उभा होता, माझ्या मशीनच्या साक्षीनं. मशीन खोटं बोललं नव्हतं. मी बोलत होते.

"फुवा," मी म्हणाले, "त्यांची नाही. तुमची आहे."

आईच्या हातातला मांडा खापराच्या कडेवर पडला आणि फाटला. मी गादीखालून लाल अक्षरातली फ्लॉपी काढली, घातली, आणि पडदा परत लाल झाला. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

फुवा उठले, चपला घातल्या आणि गेले. भरल्या ताटावरून जावई उपाशी गेला! आई भिंतीला टेकून बसली आणि आत्याचं नाव घेऊन रडायला लागली. मामा हळूच निघून गेला. मी पडद्याकडे बघत बसले, मागं वळून बघायची हिंमत नव्हती.  अण्णा उठले, रघुनाथ टेलरांचा हात धरला आणि त्यांना जावयासाठी मांडलेल्या पाटावर बसवलं. "वाढ," ते आईला म्हणाले. टेलर नको नको म्हणत होते. अण्णांनी चांदीच्या वाटीत स्वतः रस ओतला.

जळगावचं नाव मात्र न काढता ते झोपायला गेले. मी दुपारपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक बायोडाटे स्वच्छ करत होते. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस परत आले. जसोंडीच्या मुलीचं शिक्षण परत आलं, चौकोन गेले. मला नाचावंसं वाटत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम करता येत नाही म्हणून मी नुसती टाइप करत राहिले.

सोमवारी अण्णांची दुसरी पाळी होती म्हणून सकाळी ते घरीच होते. दहाच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. फुवा उतरले. त्यांच्या दोन्ही हातांत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं, बाळ धरावं तसं धरलेलं. इच्छापुरहून बसमध्ये ते मांडीवर घेऊन आले होते. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि चादर सोडली. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर.

"शाळेच्या मशीनला पोरं हात लावतात म्हणून तिथं हे अँटिव्हायरस बसवून घेतलं होतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "घरी मीच एकटा हात लावतो. मला काय होणार, असं वाटलं. तपास."

मी आमचा मॉनिटर त्याला जोडला, निळ्या डबीतली सीडी घातली. तपासणी सुरू झाली. फुवा शेजारी स्टुलावर बसले. दर वेळी पडदा लाल झाला की ते विचारायचे, "हे काय?" आणि मी सांगायचे. ते पुन्हा विचारायचे, मी पुन्हा सांगायचे. बासष्ट सापडले. मी आयुष्यात इतकी आनंदात कधी बोलले नव्हते. मध्येच भान आलं की मी हेडमास्तरांना 'थांबा, त्याला हात लावू नका' असं दटावलंय, आणि त्यांनी हात मागे घेतलाय. आईनं मांडे गरम करून आणले. फुवांनी चार खाल्ले.

सगळं स्वच्छ झाल्यावर ते म्हणाले, "पुस्तिका उघड. समितीच्या नावांत रघुनाथरावांना माझ्या आधी घे." मी घेतलं. "आता दोनशे बारावं पान काढ. तुझं नाव घालायचं राहिलंय."

 म्हणजे ते विसरले नव्हते. मी रिकामं पान काढलं. अण्णा दारात येऊन उभे राहिले होते.

फुवांनी घसा साफ केला आणि शाळेत श्रुतलेखन घालतात तसं एकेक शब्द तोडून सांगायला लागले. "मथळा लिही, ऋणनिर्देश. खाली लिही. ही पुस्तिका संगणकावर जुळवण्याचे, तपासण्याचे व निर्दोष करण्याचे काम, जळगाव येथे संगणकाचे शिक्षण घेत असलेल्या कुमारी नीमा हिने केले."

माझी बोटं भलत्याच कळांवर पडत होती. "फुवा, पण मी अजून कुठं..."

"पुस्तिका वर्षभर लोकांच्या हातात राहते. पुढचं बघून लिहावं लागतं. लिही."

मी लिहिलं. अण्णा जवळ आले. पडद्यावरचं वाचायची त्यांना सवय नव्हती, म्हणून काचेवर बोट ठेवून, एकेक शब्द मोठ्यानं वाचत गेले. 'जळगाव येथे' आलं तिथं थांबले. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"असंच राहू द्या, पाहुणे," ते म्हणाले. "असंच छापा."